अँटीबॉडी म्हणते ‘सापडलं’, पण नक्की काय सापडलं? फॅटी ॲसिड सिंथेजची गोष्ट

मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ किटला घरच्या घरी कोविड टेस्ट करण्यासाठी आयसीएमआरची परवानगी मिळाली. नाकातून स्वॅब घ्यायचा, पट्टीवर थेंब टाकायचे, १५ मिनिटं थांबायचं आणि पट्टीचा फोटो ॲपवर टाकायचा. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्ही ठिकाणी रेघ आली की पॉझिटिव्ह. फक्त ‘सी’वर आली की निगेटिव्ह. आणि ‘सी’वर रेघच आली नाही तर? मग टेस्ट बाद, ‘टी’वर काहीही दिसू दे.

हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, कारण आजचा सगळा लेख त्याच्याभोवती आहे.

त्या पट्टीवर विषाणूचं प्रोटीन पकडायचं काम अँटीबॉडी करतात. प्रेग्नन्सी टेस्टमध्येही त्याच असतात. आणि जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये पेशीतलं एखादं प्रोटीन आहे की नाही, किती आहे, कुठे आहे हे शोधायलाही अँटीबॉडीच वापरतात. फरक एवढाच, की घरच्या किटमध्ये ‘सी’ रेघ छापून येते. प्रयोगशाळेत ती तपासणी संशोधकाला स्वतः उभी करावी लागते. ती केली नाही तर काय होतं, हे आपण एका खऱ्या एन्झाइमच्या उदाहरणावरून बघू.

आधी एन्झाइमची ओळख

त्याचं नाव फॅटी ॲसिड सिंथेज. हे नाव लांब आहे, म्हणून पुढे आपण त्याच्या जनुकाचं अधिकृत छोटं नाव वापरू: एफएएसएन.

तुम्ही भात, पोळी, साखर खाता. लगेच लागते त्यापेक्षा जास्त ऊर्जा आली की शरीर त्यातली काही चरबीच्या रूपात साठवतं. या कामातली मुख्य असेंब्ली लाइन म्हणजे एफएएसएन. दोन कार्बनच्या तुकड्यापासून सुरुवात होते, मग प्रत्येक फेरीत दोन कार्बन जोडले जातात. अशा सात फेऱ्या झाल्या की १६ कार्बनची साखळी तयार होते. तिचं नाव पामिटेट. हीच पुढच्या बऱ्याच चरबीचा कच्चा माल.

माणसातलं एफएएसएन आकाराने प्रचंड आहे. एका साखळीत २,५११ अमिनो ॲसिड, वजन साधारण २७० किलोडाल्टन. अशा दोन साखळ्या जोडीने काम करतात. तुलनेसाठी, पेशीत सगळीकडे सापडणारं ॲक्टिन हे प्रोटीन ४२ किलोडाल्टनचं असतं. हा २७० चा आकडा पुढे कामाला येणार आहे.

या एन्झाइममध्ये डॉक्टरांना रस का? दोन मोठी कारणं. एक, फॅटी लिव्हरमध्ये यकृत स्वतःच जास्त चरबी बनवत असतं. दोन, स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरसकट अनेक गाठींमध्ये एफएएसएन नेहमीपेक्षा खूप जास्त आढळतं, कारण वेगाने वाढणाऱ्या पेशींना नवीन आवरणं बनवायला फॅटी ॲसिड लागतात. म्हणून ‘या पेशीत एफएएसएन किती आहे?’ या प्रश्नाच्या उत्तराला किंमत आहे.

अँटीबॉडी म्हणजे पेशीतला सर्च

मोबाइलवर एखाद्या मोठ्या पीडीएफमध्ये तुम्ही शब्द टाकून शोधता. फाइल कितीही मोठी असो, सर्च फक्त तेवढ्या अक्षरांकडे बघतो. अँटीबॉडीचं काम बरंचसं तसंच. एफएएसएनच्या २,५११ अमिनो ॲसिडपैकी ती फक्त एक छोटा तुकडा ओळखते. या तुकड्याला एपिटोप म्हणतात.

आता यातली अडचण सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. सर्चचा शब्द छोटा असेल तर तो नको तिथेही सापडतो. ‘कर’ शोधलं तर ‘साखर’ येणार नाही, पण ‘नोकर’, ‘भाकर’, ‘करवंद’ सगळे येतील. शिवाय अँटीबॉडीचा सर्च अक्षराला अक्षर जुळवणारा नसतो. जवळपास सारखा आकार दिसला तरी ती थोडीफार चिकटू शकते.

अँटीबॉडी बनवायच्या तीन मुख्य पद्धती आहेत:

• पॉलिक्लोनल: एफएएसएनचा तुकडा सशासारख्या प्राण्याला टोचतात. त्याच्या रक्तात त्या तुकड्याविरुद्ध वेगवेगळ्या अँटीबॉडीजचं मिश्रण तयार होतं. प्राणी बदलला की मिश्रण बदललं.

• मोनोक्लोनल: एकाच पेशीच्या वंशावळीतून येणारी, एकसारखी अँटीबॉडी. ही पद्धत केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये मांडली. १९८४ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

• रिकॉम्बिनंट: अँटीबॉडीचा जनुकीय क्रम माहीत असतो आणि त्यावरून ती प्रत्येक वेळी नव्याने बनवतात. म्हणजे सोर्स कोड हातात आहे, पाहिजे तेव्हा तीच बिल्ड काढा.

शोध प्रत्यक्षात कसा घेतात?

सगळ्यात प्रचलित पद्धत म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. पायऱ्या अशा:

१. पेशी फोडून त्यातली सगळी प्रोटीन बाहेर काढतात.

२. हे मिश्रण एका जेलमधून विजेच्या प्रवाहाने ओढतात. छोटी प्रोटीन पटापट खाली सरकतात, मोठी वरच अडकून राहतात. म्हणजे वजनानुसार रांग लागते.

३. ही रांग जशीच्या तशी एका पातळ पडद्यावर उतरवतात.

४. त्यावर एफएएसएनची अँटीबॉडी टाकतात. ती चिकटली की बाकीची धुऊन टाकतात.

५. पहिल्या अँटीबॉडीला पकडणारी दुसरी अँटीबॉडी टाकतात. तिच्याबरोबर प्रकाश देणारी यंत्रणा जोडलेली असते. कॅमेऱ्यात पट्टा उमटतो.

पट्टा कुठे उमटला हे बघण्यासाठी बाजूला माहीत असलेल्या वजनांची एक ‘फूटपट्टी’ चालवतात. गंमत अशी, की नेहमीच्या अनेक फूटपट्ट्या २५० किलोडाल्टनला संपतात आणि एफएएसएन २७० चं आहे. म्हणजे आपला पट्टा फूटपट्टीच्याही वर दिसतो. त्यात इतकं मोठं प्रोटीन जेलमधून पडद्यावर उतरायला वेळ घेतं. घाई केली तर ते जेलमध्येच राहतं, पडदा कोरा दिसतो आणि वाटतं की पेशीत एफएएसएन नाहीच.

फसायच्या तीन जागा

पहिली जागा: नाव. जुन्या लेखांमध्ये फॅटी ॲसिड सिंथेजला नुसतं ‘एफएएस’ म्हणायचे. पण ‘फास’ नावाचं एक पूर्णपणे वेगळं प्रोटीन आहे. ते पेशीच्या आवरणावर बसतं आणि पेशीला मरण्याचा सिग्नल देतं. इंग्रजीत दोघांची अक्षरं तीच. ऑनलाइन कॅटलॉगमध्ये ती तीन अक्षरं टाकली तर चरबी बनवणाऱ्याची अँटीबॉडी शोधताना पेशी मारणाऱ्याची समोर येऊ शकते. म्हणून जनुकाचं अधिकृत नाव वापरायचं आणि शेवटचा ‘एन’ विसरायचा नाही.

दुसरी जागा: शेजारी. फॅटी ॲसिड बनवायच्या साखळीत एफएएसएनच्या आधीच्या पायरीवर आणखी एक एन्झाइम आहे, ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज. त्याला एसीसी म्हणू. त्यातल्या एका प्रकाराचं वजन साधारण २६५ किलोडाल्टन, म्हणजे जेलवर एफएएसएनच्या अगदी शेजारी. आता एसीसीला काम करायला बायोटिन हे व्हिटॅमिन लागतं आणि ते त्याला कायमचं चिकटलेलं असतं. काही प्रयोगांत पट्टा चमकवण्यासाठी बायोटिन पकडणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरतात. अशा वेळी एफएएसएनची अँटीबॉडी टाकलीच नाही तरी एसीसी चमकू शकतं! योग्य उंचीवर, छान ठळक पट्टा, पण वेगळ्याच प्रोटीनचा. यावर उपाय सोपा आहे. पहिली अँटीबॉडी न टाकता तोच प्रयोग शेजारी करून बघायचा. तरीही पट्टा आला तर समजायचं.

तिसरी जागा: बॅच. एकाच कॅटलॉग नंबरची पॉलिक्लोनल अँटीबॉडी या वर्षी एका सशापासून आलेली असते, दोन वर्षांनी दुसऱ्या. ॲपचं नाव तेच, आयकॉन तोच, पण आतलं व्हर्जन बदललेलं, आणि ‘काय नवीन आहे’ हे सांगणारी नोट नाही. म्हणून चांगल्या प्रयोगात कॅटलॉग नंबरबरोबर लॉट नंबरही लिहून ठेवतात.

खरी घडलेली गोष्ट: गाठीतलं गूढ प्रोटीन

हे सगळं कागदी वाटत असेल तर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सची ही गोष्ट बघा.

१९८९ मध्ये फ्रँक कुहाज्दा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे हॅप्टोग्लोबिन-रिलेटेड प्रोटीन या प्रोटीनविरुद्धची अँटीबॉडी होती. ती गाठींच्या पातळ कापांवर लावली, तर काही गाठी रंगल्या, काही नाही. ज्यांच्या गाठी रंगल्या त्या रुग्णांमध्ये कॅन्सर परत येण्याचा धोका जास्त दिसला. म्हणजे सिग्नल कामाचा होता. पण अँटीबॉडीने गाठीत ज्याला पकडलं होतं ते प्रोटीन नेमकं कोणतं?

त्याला पुढे ‘ओए-५१९’ असं तात्पुरतं नाव मिळालं. जसं आपण अनोळखी नंबर ‘प्लंबर बहुतेक’ म्हणून सेव्ह करतो, तसं.

मग टीमने कष्टाचं काम केलं. कॅन्सरच्या पेशींमधून ते प्रोटीन शुद्ध करून बाहेर काढलं आणि त्याच्या तुकड्यांचा अमिनो ॲसिड क्रम वाचला. १९९४ मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं: हे फॅटी ॲसिड सिंथेज आहे. वजन साधारण २७० किलोडाल्टन. परीक्षानळीत ते खरोखर फॅटी ॲसिड बनवत होतं, आणि त्यात जवळपास ८० टक्के पामिटेट होतं. शिवाय एक साधी पण जबरदस्त तपासणी केली. शुद्ध केलेलं एन्झाइम अँटीबॉडीत मिसळलं, आणि मग ती अँटीबॉडी गाठीच्या कापावर लावली. रंग आलाच नाही. अँटीबॉडीचे सगळे हात आधीच एफएएसएनने अडवले होते.

यात काय बदललं ते बघा. ‘गाठीत रक्तातल्या एका प्रोटीनसारखं काहीतरी आहे’ या वाक्यावरून औषधाचा विचार करणं कठीण. पण ‘गाठ स्वतःची चरबी स्वतः बनवतेय’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: ते बनवणं थांबवलं तर? त्याच १९९४ च्या अभ्यासात त्यांनी सेरुलेनिन हे एफएएसएन रोखणारं रसायन पेशींवर वापरून पाहिलं आणि पेशींची वाढ मंदावली. एफएएसएन रोखणाऱ्या औषधांचा शोध आजही चालू आहे. डेनिफानस्टॅट या औषधाच्या माणसांवरच्या चाचण्या फॅटी लिव्हरच्या गंभीर प्रकारासाठी आणि चक्क मुरुमांसाठीही झाल्या आहेत, कारण त्वचेतलं तेलही याच मार्गाने बनतं.

पट्टा आणि रंग आधीपासून होताच. त्याला खरं नाव मिळायला मात्र पाच वर्षं आणि वेगळ्या पद्धतीचा पुरावा लागला.

मग अँटीबॉडीची परीक्षा कशी घ्यायची?

आम्ही कोड लिहितो तेव्हा दोन टेस्ट तरी लिहितो: जिथे उत्तर ‘हो’ यायला हवं ती, आणि जिथे ‘नाही’ यायला हवं ती. नवशिका पहिलीवरच खूश होतो. अँटीबॉडीचंही तसंच आहे.

• ‘हो’ची टेस्ट: ज्या पेशींत एफएएसएन भरपूर असतं हे माहीत आहे त्या घ्या. स्तनाच्या कॅन्सरच्या एसके-बीआर-३ या पेशी यासाठी प्रसिद्ध आहेत. इथे पट्टा आलाच पाहिजे.

• ‘नाही’ची टेस्ट: पेशीतलं एफएएसएनचं जनुकच बंद करा. याला नॉकआउट म्हणतात. बाहेरून फॅटी ॲसिड मिळालं तर अनेक प्रकारच्या पेशी त्याशिवायही तग धरतात. या पेशींत २७० चा पट्टा गायब झाला पाहिजे. तरीही दिसला तर अँटीबॉडी दुसऱ्या कोणाला तरी पकडतेय. ही सगळ्यात कडक परीक्षा.

• दुसरा साक्षीदार: एफएएसएनचा वेगळा तुकडा ओळखणारी दुसरी अँटीबॉडी घ्या. दोघींचं म्हणणं जुळतंय का?

• शरीराच्या वागण्याशी पडताळणी: उंदराला उपाशी ठेवलं की यकृतातलं एफएएसएन कमी होतं. मग भरपूर कार्बोहायड्रेट असलेलं खाणं दिलं की ते झपाट्याने वाढतं. अँटीबॉडीचा पट्टा या चढउताराबरोबर हलला पाहिजे.

• अँटीबॉडीशिवाय मोजणी: मास स्पेक्ट्रोमीटरसारख्या यंत्राने तेच प्रोटीन मोजा आणि आकडे ताडून बघा.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ही अँटीबॉडी एन्झाइम ‘आहे’ एवढंच सांगते, ते ‘चालू आहे’ की नाही हे सांगत नाही. फोन टेबलावर आहे म्हणजे तो चार्ज झालेला आहे असं नाही ना? शेजारच्या एसीसीचं उदाहरण घ्या. पेशीत ऊर्जा कमी पडली की एएमपीके नावाचं एन्झाइम एसीसीच्या ठरलेल्या जागी फॉस्फेट चिकटवतं आणि एसीसी मंदावतं. एसीसीचं प्रमाण तेवढंच, काम मात्र कमी. म्हणून फक्त फॉस्फेट लागलेलं एसीसी ओळखणाऱ्या वेगळ्या अँटीबॉडी बनवल्या आहेत. प्रश्न बदलला की सर्चचा शब्दही बदलावा लागतो.

हा प्रश्न किती मोठा आहे?

लहान नाही. २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुकथुन यांनी शंभरहून जास्त संशोधकांच्या पाठिंब्याने ‘नेचर’मध्ये लिहिलं, की खराब अँटीबॉडीजवर जगभरात वर्षाला अंदाजे ८० कोटी डॉलर वाया जातात. त्यांची मागणी होती की अँटीबॉडी तिच्या जनुकीय क्रमावरून ओळखली जावी. म्हणजे वर म्हटलेला सोर्स कोडचा मुद्दा.

२०२३ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने एक मोठी तपासणी प्रसिद्ध झाली. ६५ प्रोटीन, त्यांच्या ६१४ अँटीबॉडीज, आणि सगळ्यांची नॉकआउट पेशींवर परीक्षा. दिसलं असं, की प्रत्येक प्रोटीनमागे सरासरी १२ प्रसिद्ध संशोधन लेखांत अशी अँटीबॉडी वापरली होती जी ते प्रोटीन ओळखतच नव्हती. त्या लेखांवर पुढे कोणी पीएचडी करतं, कोणी औषध शोधायला निघतं. गाठीवर उपचार कोणता द्यायचा हे ठरवायलाही डॉक्टर अँटीबॉडीचेच रंग बघतात, फक्त तिथल्या टेस्टवर नियम जास्त कडक असतात.

चांगली बातमीही याच तपासणीत आहे. बहुतेक प्रोटीनसाठी निदान एक तरी चांगली अँटीबॉडी बाजारात होती. रिकॉम्बिनंट प्रकार सरासरीने सरस ठरला. आणि विकणाऱ्या कंपन्या यात सहभागी होत्या. निकाल बघून त्यांनी नापास झालेल्यांपैकी साधारण २० टक्के अँटीबॉडीज विक्रीतून काढल्या आणि सुमारे ४० टक्क्यांची वापराची शिफारस बदलली.

तुम्हाला याचा उपयोग काय?

तुमच्यापैकी कोणी लाइफ सायन्स किंवा फार्मसी शिकत असेल तर थेट उपयोग आहे. अँटीबॉडी मागवण्याआधी डेटाशीटमध्ये नॉकआउटचा फोटो आहे का बघा, लॉट नंबर लिहून ठेवा, आणि आरआरआयडी हा नंबर नोंदवा. तो संशोधनाच्या साहित्याचा युनिक आयडी आहे, जसा फोनचा आयएमईआय.

बाकीच्यांसाठी तीन प्रश्न पुरेत. व्हॉट्सॲपवर ‘कॅन्सर वाढवणारं प्रोटीन सापडलं’ अशी बातमी आली की विचारा: ते एकाच पद्धतीने दिसलं की दोन? जिथे ते नसायला हवं तिथे ‘नाही’ आलं का? आणि ते फक्त तिथे होतं, की खरंच काम करत होतं?

आणि स्वतः बघायचं असेल तर फोनवर ‘ह्युमन प्रोटीन ॲटलास’ उघडा. स्वीडनमधल्या संशोधकांनी उभारलेली ही साइट मोफत आहे. सर्चमध्ये इंग्रजी अक्षरांत एफएएसएन टाका. वेगवेगळ्या अवयवांच्या रंगवलेल्या कापांचे खरे फोटो दिसतील. त्याच पानावर निकालाच्या विश्वासार्हतेचा शेरा आहे. त्याच्या चार पायऱ्या आहेत, सगळ्यात वरची ‘एन्हान्स्ड’ आणि सगळ्यात खालची ‘अनसर्टन’. फोटो बघायच्या आधी तो शेरा वाचा.